चित्रातलं गाढव उपरं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. शेवटचा माझ्या मामेभावाने पाठवला आणि खाली विचारलं, 'तू तिकडेच असतेस ना, खरं आहे का हे?' मी अ‍ॅडलेडमध्ये राहते. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अबोरिजिनल चित्रांच्या ओढीने अ‍ॅलिस स्प्रिंग्जला माझ्या दोन वाऱ्या झाल्या आहेत, म्हणून त्याने मला विचारलं. फोनवर त्याला थोडक्यात सांगितलं, पण मजकूर अजून फिरतोच आहे.

मजकुराचं म्हणणं असं: ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रकला 40 हजार वर्षं जुनी. ठिपके म्हणजे आपल्या रांगोळीसारखी शुभ नक्षी, आणि कांगारू, इमू, घोरपड ही शांती, शक्ती वगैरेंची प्रतीकं. आजचे चित्रकार मात्र मातीचे रंग सोडून दुकानातलं अ‍ॅक्रिलिक वापरतात आणि पर्यटकांना आवडतं म्हणून उंट, गाढवं, गाई, गाड्या काढतात. 'वाळवंटातल्या आजी-आजोबांच्या आठवणी' ही गॅलरीवाल्यांची जाहिरात. तसेही ठिपके कुणालाही देता येतात, तेव्हा घरी करून बघा. आणि शेवटी, ही कला मुळात आपल्या वारलीचीच बहीण. सोबत दोन फोटो आहेत. एकावर तांबड्या पार्श्वभूमीवर पांढरी वर्तुळं, खाली लिहिलंय 'खरी'. दुसऱ्यावर गुलाबी वाळू, दोन उंट, गाढवांची रांग आणि पांढरी टोयोटा. त्याखाली 'बाटलेली'.

पहिल्याच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे. त्या खंडावर माणसं 40 हजारांहून अधिक वर्षं आहेत, काही पुरावे तर 65 हजारांपर्यंत जातात. खडकांवरची चित्रंही फार जुनी आहेत. वायव्येकडच्या किंबर्लीत एका खडकाच्या छतावर दोन मीटर लांबीचा कांगारू रंगवलेला आहे. त्याच्यावर आणि त्याच्याखाली कुंभारमाशीने बांधलेल्या जुन्या घरट्यांवरून 2021 मध्ये त्याचं वय काढलं, ते सुमारे 17 हजार वर्षं निघालं. पण ठिपक्यांचा कॅनव्हास, जो आपण कॅलेंडरवर आणि विमानतळावर पाहतो, त्याचा जन्म 1971 चा. जागाही ठाऊक आहे: पापुन्या, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला 240 किलोमीटरच्या आसपास. सरकारने वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना आपापल्या मुलखातून आणून तिथे वसवलं होतं. जेफ्री बार्डन नावाचा शिक्षक तिथल्या शाळेत आला आणि त्या वर्षी मोठ्या माणसांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचं चित्र काढलं. पोटात मध साठवणारी ही मुंगी त्या जागेचीच. काढणाऱ्यांत कापा जाम्पिजिन्पा पुढे होता.

त्या भिंतीची एक हकीकत बार्डननेच सांगून ठेवली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आधी काढलेल्या मुंग्या हुबेहूब मुंग्यांसारख्या होत्या, पाय-डोक्यासकट. बार्डनने विचारलं की ही तुमची मुंगी की गोऱ्यांची? तेव्हा ती पुसून मुंगीची खरी खूण काढली गेली. ऐकायला गोष्ट छान आहे. पण नीट पाहिलं तर 'अस्सल अबोरिजिनल प्राणी कसा दिसावा' याबद्दल पहिला आग्रह धरणारा माणूस बाहेरचा होता. कापाची त्या काळातली इतर चित्रं पाहा, त्यांत माणसं आणि वस्तू हुबेहूब आढळतात. त्याच वर्षी अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या कॅलटेक्स स्पर्धेत त्याच्या चित्राला पहिलं बक्षीस विभागून मिळालं. म्हणजे आकृती आणि खूण दोन्ही पहिल्या दिवसापासून एकाच माणसाच्या हातात होत्या. खूण जुनी आणि आकृती नवी, म्हणून आकृती खोटी, हा हिशेब पापुन्यातच चुकतो. 1974 मध्ये त्या भिंतीला वरून रंग फासला गेला, चित्र गेलं. चित्रकारांनी 1972 मध्ये स्थापन केलेली त्यांची स्वतःची कंपनी आजही चालू आहे.

आता अ‍ॅक्रिलिक. पापुन्याच्या आधी या खुणा वाळूवर, अंगावर, ढालींवर काढत. जमिनीवरच्या चित्रांत वनस्पतींची कापसासारखी लव गेरूत आणि पांढऱ्या मातीत कालवून तिचे ठिपके मांडत, आणि सोहळा झाला की ते पुसलं जाई. टिकावं म्हणून काढलेली चित्रं आली तीच हार्डबोर्ड, कॅनव्हास आणि दुकानातल्या रंगांबरोबर. त्यामुळे फॉरवर्डमधलं 'खरी' लिहिलेलं ते तांबडं-पांढरं चित्रसुद्धा कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्येच केलेलं आहे. रंगावरूनच भेद करायचा तर दोन्ही फोटो एकाच रांगेत बसतात.

रांगोळीची उपमा कुणाही मराठी माणसाला सुचेल, मलाही पहिल्यांदा सुचली होती. पण आपल्या रांगोळीत ठिपके आधी येतात आणि रेघ त्यांना जोडते. इथे उलटं आहे. आधी खूण येते, ठिपके नंतर तिच्याभोवती आणि पुष्कळदा तिच्यावर येतात. सुरुवातीच्या रंगवलेल्या हार्डबोर्डच्या फळ्यांवर दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहायच्या गोष्टी उघड्या पडल्या, त्यावरून इतर समाजांत राग झाला, आणि मग ठिपक्यांचा पडदा दाट होत गेला असं सांगितलं जातं. 2017 मध्ये डार्विन शहरातल्या संग्रहालयाने या फळ्यांचं मोठं प्रदर्शन केलं, तेव्हाही काही फळ्या मांडल्या नाहीत. ज्येष्ठांशी बोलून तसं ठरलं होतं. शोभेची नक्षी कुणी अशी झाकून ठेवत नाही.

आणि खुणा म्हणजे पाऊलखुणा. कॅनव्हास भिंतीवर टांगला तरी तो वरून पाहिलेली जमीन असतो. इंग्रजी यू सारखं अक्षर म्हणजे माणूस वाळूत मांडी घालून बसला, त्याची उठल्यावर राहिलेली खूण. बाणासारखी तीन बोटं म्हणजे इमू. मोठ्या पावलांमागे छोटी पावलं दिसली तर ती मोठी पावलं आईची नव्हेत, बापाची. इमूत नर अंड्यांवर जवळजवळ आठ आठवडे बसतो आणि पिल्लंही तोच वाढवतो. दोन लांब पावलांच्या मधली रेघ ही कांगारूची शेपटी. वळत गेलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना नखांचे ठसे आले की घोरपड. हे वाचायला येणाऱ्याला जनावर किती वेळापूर्वी गेलं, कुठे थांबलं, हेही कळतं. 'शांतीचं प्रतीक' हे असं वाचता न येणाऱ्याने वरून चिकटवलेलं लेबल आहे.

मग प्राण्याशी नातं काय? मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांच्या भाषेत जुकुर्पा हा शब्द आहे. इंग्रजीत त्याचं 'ड्रीमिंग' झालं आणि सगळ्यांना वाटलं स्वप्नांची गोष्ट आहे. मुलूख घडवणारे पूर्वज, त्यांच्या वाटा, त्या वाटांवरचे पाणवठे, आणि आज तिथे कसं वागायचं याचा कायदा, हे सगळं मिळून जुकुर्पा. पूर्वज कधी मधमुंगी असतात, कधी माला नावाचं छोटं वॉलबी (कांगारूचा लहान भाऊबंद), कधी पाऊस. मराठी घरात समजावायचं तर मी देवकाचं उदाहरण देते. लग्नात आपण देवक बसवतो, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस. ते कुळाचं असतं, एकच देवक असणाऱ्यांत सोयरीक होत नाही, आणि ते आपण निवडलेलं नसतं. तेवढ्या अंतरापर्यंतच उपमा चालते. आपल्या देवकाला ठरावीक जमीन चिकटलेली नसते, त्यांच्या प्राण्याला असते.

ज्या फोटोवर 'बाटलेली' असं लिहिलंय, तिथे मात्र थांबायला हवं.

उंट ऑस्ट्रेलियाचा नाही, खरं आहे. खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी 1860 मध्ये 24 उंट कराचीहून मेलबर्नला नेले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणजे ते उंट मुंबई सरकारच्या बंदरातून निघाले होते. पुढे हजारो आले. त्यांच्याबरोबर बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तानातले सारवान, म्हणजे उंटवाले, आले. तिकडे सगळ्यांनाच 'अफगाण' म्हणत. त्यांच्यातल्या अनेकांनी अबोरिजिनल बायकांशी लग्नं केली, ती कुटुंबं आजही आहेत. ट्रक आल्यावर उंट मोकाट सोडले गेले, आणि वाळवंटातल्या कुटुंबांनी ते आपलेसे केले. उंटांवर आणि गाढवांवर पीठ, साखर, चहा, घोंगड्या, पोरं लादून माणसं ख्रिस्ती मिशनपासून पाणवठ्यांपर्यंत आणि पाणवठ्यांपासून मिशनपर्यंत फिरली. हे कुणाच्या तरी आजीच्या लहानपणाचं दृश्य आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली म्हणून आपण आजीचा ठेचा बाटला म्हणत नाही.

मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा 'डेझर्ट मॉब'चा बाजार भरला होता. 1991 पासून दरवर्षी होणारं हे प्रदर्शन. त्यात वाळवंटातली कलाकेंद्रं आपापलं काम आणतात. एका टेबलामागे एक वृद्ध बाई बसल्या होत्या, सगळे त्यांना आंटी म्हणत होते, मीही म्हटलं. समोर वहीएवढा कॅनव्हास: तीन गाढवं, शेंदरी जमीन, वर पांढरट आकाश. मधल्या गाढवावर गुंडाळ्यांचा ढीग. मी तो सामान समजले. त्यांनी बोट ठेवलं ते गुंडाळीच्या खालच्या कडेवर. तिथे तपकिरी रंगाचे चार छोटे ठिपके होते, दोन-दोनच्या जोडीत. पावलं. घोंगडीत दोन पोरं झोपली होती आणि त्यांचे पाय बाहेर लोंबत होते. 'टांकी,' त्या म्हणाल्या. पिचानचाचारा भाषेत गाढवाला तेच म्हणतात, डाँकीवरूनच आलेला शब्द. मग स्वतःकडे बोट केलं आणि पायांच्या डावीकडच्या जोडीकडे. शेजारच्या भाचीने पुढचं इंग्रजीत सांगितलं: उजवीकडची बहीण, आणि चालणारी आजी चित्रात नाही, कारण ती पुढे गेली आहे, पाणी बघायला.

ते चार ठिपके पर्यटकांसाठी काढलेले नव्हते. मला तर ते दाखवल्याशिवाय दिसलेही नाहीत.

गाईंचंही तसंच. कॅनव्हासवर गुरं आणि घोड्यावरचा राखोळ्या दिसला की आपल्याला वाटतं सिनेमातला काउबॉय आला. उत्तरेकडची आणि मध्य भागातली मोठमोठी गुरांची कुरणं अबोरिजिनल माणसांच्या श्रमावर चालली, मोबदला पुष्कळदा पीठ, चहा, तंबाखू आणि कपडे. 1966 मध्ये वेव्ह हिल या कुरणावर व्हिन्सेंट लिंगियारींच्या मागे गुरिंजी लोक काम सोडून चालू लागले. 1968 च्या डिसेंबरपासून समान वेतन लागू झालं, आणि अनेक मालकांनी माणसांनाच कुरणांवरून काढून दिलं. ज्या जमिनीवर त्यांचा जुकुर्पा होता, तिथूनच. म्हणून चित्रातलं गुरू ओळखीचं असतं, आणि त्याच्याशी जोडलेलं दुःखही.

आणि तंत्र म्हणाल तर ठिपके हे वाळवंटाचं एकमेव अक्षर कधीच नव्हतं. अल्बर्ट नामाचिरा (1902–1959) हर्मन्सबर्गला जलरंगात डोंगर आणि पांढऱ्या बुंध्याची झाडं रंगवत होता, तेव्हा पापुन्याची भिंत स्वप्नातही नव्हती. त्याच गावच्या बायका आज मातीची गाडगी घडवतात. पोटावर मुलूख रंगवलेला असतो आणि झाकणावर पोपट, घोरपड, घोडा, कधी उंट बसलेला. झाकण उचलायचं तर त्या प्राण्याला धरूनच उचलावं लागतं. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या एका वस्तीत जुन्या लोकरी घोंगड्या चहाने, पाल्याने आणि गंजक्या लोखंडाने रंगवून पक्षी शिवतात. मी हातात घेतलेल्या एकाचं पोट पिवळसर तपकिरी होतं, गंजाचा गोल डाग तसाच ठेवलेला, आणि डोळ्याभोवती भडक गुलाबी लोकरीचे टाके. शिधा म्हणून घोंगड्या वाटल्या गेल्या त्या आजीच्या काळात, नात त्याच कापडातून पक्षी करते. टोयोटावर हसायचं असेल तर 2005 सालचा राष्ट्रीय अबोरिजिनल कलापुरस्कार आठवा: पापुलांकुट्जा या वाळवंटी वस्तीतल्या बायकांनी गवताची अख्खी टोयोटा विणली होती, आणि पुरस्कार तिला मिळाला. वाळवंटात टोयोटा म्हणजे शिकारीला, अंत्यविधीला आणि आजोळी जायचं साधन.

'आठवणी ही जाहिरात' या वाक्याचा मला राग आला, तो लपवत नाही. 1984 च्या ऑक्टोबरमध्ये पिंटुपी लोकांचं नऊ जणांचं एक कुटुंब किविरकुराजवळ आपल्या नातलगांना येऊन मिळालं. तोपर्यंत ती माणसं वाळवंटात, पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत, घोरपडी आणि कंद यांवर जगत होती. त्यांतली युकुल्जी नापांगाती तेव्हा कुमारवयीन मुलगी होती. 2018 मध्ये तिला निसर्गचित्रासाठीचा विन पुरस्कार मिळाला. ती ज्या वाळूच्या टेकड्या काढते त्या तिने पायाखाली घातलेल्या आहेत. आणखी दक्षिणेला स्पिनिफेक्स लोक: 1953 मध्ये इमू फील्डला आणि 1956 पासून मारालिंगाला ब्रिटिशांनी अणुचाचण्या केल्या, त्या काळात त्यांना आपला मुलूख सोडावा लागला. पुढे त्यांनीच तो आठवणीतून रंगवला आणि 2000 मध्ये हक्क मिळवला.

प्राण्यांच्या बाबतीत तर ही स्मृती शास्त्राच्या पुढे निघाली. 1980 च्या दशकात काही प्राणिशास्त्रज्ञ संग्रहालयातली जुनी कातडी घेऊन वाळवंटातल्या वस्त्यांवर गेले आणि ज्येष्ठांपुढे ती मांडली. ज्येष्ठांनी ती ओळखली, नावं सांगितली, कोणतं जनावर बिळात राहतं, कोणतं गवताच्या घरट्यात, काय खातं, कसं पकडायचं, तेही सांगितलं. डुकरासारख्या खुरांचा एक बँडिकूट (घुशीसारखा छोटा, पोटाला पिशवी असलेला प्राणी) होता, त्याचा शेवटचा नमुना 1901 मधला. वाळवंटातल्या माणसांच्या आठवणीत तो 1950 च्या दशकापर्यंत पळत होता. कोल्हे आणि मांजरं यांनी त्या छोट्या प्राण्यांचा घास घेतला, आणि माणसांना वाळवंटातून हलवल्यावर त्यांनी लावायच्या छोट्या छोट्या आगी थांबल्या, मग मोठे वणवे लागू लागले. वर ज्या छोट्या वॉलबीचा उल्लेख केला, ते माला, त्याची मुख्य भूमीवरची शेवटची रानटी वसाहत 1991 मध्ये तानामी वाळवंटात वणव्यात गेली. पिंजऱ्यात जगवलेले काही उरले, त्यांतले 2005 मध्ये उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या कुंपणात सोडले. उलुरूच्या पायथ्याशी तर मालाची पूर्वजकथा दगडातच आहे. मधल्या कित्येक दशकांत प्राणी तिथे नव्हता, गाणं आणि चित्र होतं. हे ज्याला जाहिरात वाटतं त्याने सांगावं, कशाची.

'कुणालाही काढता येतात' याचं उत्तर सोपं आहे: ठिपके येतात, चित्र नाही. जापालजारी, नापांगाती ही आडनावं नव्हेत. वार्लपिरी, पिंटुपी समाजांत नात्यांचे आठ गट आहेत, जन्मानेच मिळणारे, पुरुषाचं आणि बाईचं रूप वेगळं. त्यावरून कोण कुणाचा काका, कोण मामा, कुणाशी लग्न होऊ शकतं हे ठरतं, आणि कोणता जुकुर्पा कुणाचा तेही. वार्लपिरींत बापाकडून हक्क आलेले ते किर्दा. आईकडून नातं असलेले ते कुर्दुंगुर्लू, म्हणजे त्या घराण्याच्या लेकींची पोरं. चित्र किर्दाने काढायचं, ते बरोबर आहे ना हे कुर्दुंगुर्लूने पाहायचं. लेकींच्या पोरांचा डोळा चुकवून वडिलांकडचा वारसा मिरवता येत नाही. हा नियम मला इतका आवडतो की पुण्यातल्या एका क्लासच्या 'अबोरिजिनल डॉट आर्ट, दोन तासांत कासव' या पाटीने वाईटच वाटतं. ठिपक्यांचं कासव खुशाल करा, त्याला हे नाव देऊ नका.

नाव लावल्याने नुकसान होतं म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने 2022 मध्ये अहवाल दिला: अशा भेटवस्तूंवर आणि छापील मालावर होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा अबोरिजिनल नसलेल्यांनी केलेल्या मालावर जातो. 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने एका घाऊक कंपनीला 23 लाख डॉलर दंड केला, कारण इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू अबोरिजिनल कलाकारांनी हाताने रंगवल्या असं भासवून ती विकत होती. खऱ्या चित्रकारांची स्थिती? क्लिफर्ड पॉसम जापालजारीचं 1977 चं 'वारलुगुलाँग' हे चित्र बाराशे डॉलरला एका बँकेने घेतलं होतं. 2007 मध्ये ते 24 लाखांना गेलं. तोवर त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती. पुनर्विक्रीवर चित्रकाराला किंवा वारसांना 5 टक्के देण्याचा कायदा 2010 मध्ये आला.

चित्र म्हणजे शोभा नव्हे याचा मला माहीत असलेला सगळ्यात मोठा पुरावा 8 मीटर बाय 10 मीटरचा आहे. ग्रेट सँडी वाळवंटातल्या चाळीसहून अधिक जणांनी 1997 मध्ये एकच कॅनव्हास जमिनीवर पसरून रंगवला. प्रत्येकाने आपापला पाणवठा आपापल्या जागी काढला, आणि जमिनीच्या हक्काच्या सुनावणीत आपल्या भागावर उभं राहून आपल्या भाषेत साक्ष दिली. दावा 2007 मध्ये मंजूर झाला.

राहता राहिली वारली. बहीण म्हणायला काही आधार नाही. दोन्हींकडे जमीन आणि जनावरं आहेत, तेवढं जगात पुष्कळांकडे आहे. ब्रिस्बेनच्या 2015 च्या मोठ्या प्रदर्शनात वारली चित्रकारांना बोलावलं होतं, तो समकालीन चित्रकार म्हणून मान होता. जिव्या सोमा मशे यांची कला मोठी ठरायला तिला ऑस्ट्रेलियात नातलग शोधून द्यावे लागत नाहीत.

मामेभावाने पाठवलेला तो 'बाटलेली' फोटो मी मोठा करून पाहिला. खालची पट्टी कापलेली होती, पण अर्धवट अक्षरं दिसत होती. मूळ फोटो सापडला. त्यावर चित्रकाराचं नाव आहे, भाषा आहे, गाव आहे, आणि दोन ओळींत लिहिलंय की ही गाढवं तिच्या वडिलांची. तोच फोटो पट्टीसकट मी चारही ग्रुपांवर टाकला आहे. पुढे पाठवाल तर पट्टी कापू नका.